जुने मारधाडपट नव्या मुलांना आधी पूर्ण तर दाखवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या हाणामारीच्या चित्रपटांवरचा लेख वाचला. त्या काळी ज्यांनी हे चित्रपट पाहिले त्यांनाच ते गोड लागतात, आज पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते लांबट आणि भडक वाटतात, शिवाय मोबाइलवर वाढलेल्या मुलांकडे तेवढा धीर नाही, असा लेखाचा एकंदर सूर आहे. मला तो मुळीच पटला नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि अधूनमधून अकरावी-बारावीच्या मुलांना सभागृहात जुने चित्रपट दाखवते. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

उदाहरण 'शोले'चेच घेऊ, कारण लेखातही तेच आहे. दाखवण्याआधी मी वर्गात विचारले, कोणी कोणी पाहिलाय? जवळजवळ सगळे हात वर. अथपासून इतिपर्यंत, एका बैठकीत कोणी पाहिलाय असे विचारले, तेव्हा बरेचसे हात खाली आले. मुलांना गब्बर ठाऊक होता, कालिया ठाऊक होता, टाकीवर चढलेला वीरू ठाऊक होता. रील्स, मीम्स, जाहिराती आणि घरातल्या मोठ्यांच्या नकला यांतून तुकड्या-तुकड्याने तो त्यांच्यापर्यंत पोचला होता. आजचा नवा प्रेक्षक हा असा असतो. त्याने चित्रपट पाहिलेला नसतो, पण त्यातली गाजलेली वाक्ये त्याच्या कानांवर इतकी आदळलेली असतात की त्यांची धार गेलेली असते.

त्यामुळे सभागृहात घडले ते असे. खडकांवर घासत जाणारा पट्टा, गब्बरचे पाय, मग तिघांचा तो जीवघेणा खेळ, या साऱ्या प्रसंगात मुले पुढचे वाक्य आधीच पुटपुटत होती आणि हसत होती. भीती कोणालाच वाटली नाही. सर्वांत गाजलेला प्रसंग सर्वांत कमी चालला, हे मान्यच करायला हवे. पण एवढ्यावरून चित्रपट जुना झाला असे म्हणणे चूक आहे, कारण ज्या जागांची कोणी रील केलेली नव्हती तिथे हीच मुले पार बदलून गेली.

त्यातला पहिला प्रसंग मालगाडीचा. मुंबई-पुणे लोहमार्गावर, आपल्या पनवेलच्या परिसरात तो चित्रित झाला आहे. पुढे इंजिन, मागे डबे, दोन्ही बाजूंनी दौडत येणारे घोडेस्वार, रुळांवर रचून ठेवलेले ओंडके. कोण कुठे आहे, कोणाला कुठे पोचायचे आहे, हे पाहणाऱ्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असते. वीरू इंजिनात कोळसा ओढतोय, जय डब्यावरून गोळ्या झाडतोय, आणि दोन दृश्ये जोडली की दोघांमधले अंतर आपल्याला बरोबर कळते. माझा एक विद्यार्थी, जो एरवी रात्ररात्र व्हिडिओ गेम खेळतो, नंतर मला म्हणाला, ''मॅडम, यात मारामारी समजते.'' हल्लीच्या कित्येक चित्रपटांत कॅमेरा इतका हलतो आणि दृश्ये इतक्या भराभर तुटतात की कोणी कोणाला मारले याचा पत्ताच लागत नाही, अशी त्याची तक्रार होती. मला ती रास्त वाटते. 'शोले'ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला आणि तो संकलनाचा होता, एम. एस. शिंदे यांना. त्या मुलाने जे हेरले, ते त्यांचेच काम.

दुसरा प्रसंग ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा. तिथे कोणतेही गाजलेले वाक्य नाही. झोपाळ्याचा करकर आवाज, घोड्यावर बसलेला गब्बर आणि समोर एक लहान मूल. बंदूक रोखली जाते आणि गोळी लागलेली दिसायच्या आतच दृश्य थेट आगगाडीवर जाते. मग अंगणात ओळीने ठेवलेले देह आणि वाऱ्याने त्यांच्यावरून उडणारी पांढरी कापडे. मघाशी संवादांवर खिदळणारे सभागृह इथे चिडीचूप होते. मागच्या रांगेतला चिवड्याच्या पुड्यांचा आवाजही थांबला. अहमदचा मृत्यूही असाच दाखवला आहे. गब्बर हातावरचा मुंगळा मारतो आणि पुढच्याच दृश्यात घोडा त्या पोराचा देह घेऊन गावात येतो. या मुलांनी मोबाइलवर अंगावर येणारा रक्तपात भरपूर पाहिला आहे. न दाखवलेली हत्या त्यांना नवीन होती.

लांबीबद्दल बोलायचे, तर जवळपास साडेतीन तासांच्या या चित्रपटात मुले चुळबुळली, नाही असे नाही. पण कुठे? जेलरच्या प्रसंगात आणि सूरमा भोपालीच्या गप्पांत. बसंतीच्या अखंड बडबडीने आधी हसू आणले, मग कंटाळा. विनोद लवकर शिळा होतो, आणि खरे सांगायचे तर हे भाग मलाही आता लांबलेले वाटतात. मुलींनी आणखी एका जागी नाराजी दाखवली. नेमबाजी शिकवण्याच्या निमित्ताने वीरू बसंतीशी जी लगट करतो, त्यावर एकही मुलगी हसली नाही, आणि चित्रपट संपल्यावर वाद झाला तो त्यावरच. मला त्यात वावगे काही दिसले नाही. जो चित्रपट मनाला लागलाच नाही, त्याच्याशी भांडायला कोण थांबेल? याच मुलींना जेव्हा मी सांगितले की टांग्याच्या पाठलागातली जोखमीची कामे हेमा मालिनीच्या जागी रेश्मा पठाण या बाईंनी केली आहेत, तेव्हा त्यांनी तो पाठलाग मला पुन्हा लावायला लावला. तारा नाहीत, संगणकाची करामत नाही, भरधाव टांग्यावर एक हाडामांसाची बाई उभी आहे, हे कळल्यावर त्या वेगळ्याच नजरेने पाहत होत्या.

हाणामारीचा चांगला चित्रपट टिकतो तो यामुळेच, असे माझे मत आहे. प्रेमाची भाषा बदलते, विनोद बदलतो, कपडे आणि केशरचना तर दहा वर्षांत हास्यास्पद होतात. पण माणूस उंचावरून पडला की लागते, हे बदलत नाही. एकदा धीर करून मी बस्टर कीटनचा 1926 सालचा 'द जनरल' लावला. मूकपट, कृष्णधवल, तोही अमेरिकेच्या यादवी युद्धातला. धावत्या इंजिनावर कीटन स्वतः चढतो-उतरतो, आणि शेवटी जळत्या पुलावरून खरेखुरे इंजिन नदीत कोसळते. मुलांनी शिट्ट्या मारल्या. शंभर वर्षांपूर्वीचा चित्रपट आहे, हे मी मुद्दाम नंतर सांगितले.

सगळेच जुने मारधाडपट असे टिकतील असे मी म्हणणार नाही. ठोशाचा 'ढिशूम' मोठा आणि ठोसा हवेतच, अशा चित्रपटांची आपल्याकडे एके काळी रांग लागली होती. त्यांतले पुष्कळसे आज बघवत नाहीत, आणि कधी काळी पाहिले होते म्हणून त्यांची भलामण करण्यात अर्थ नाही.

लेखकाने आणखी एक गोष्ट विसरू नये. 15 ऑगस्ट 1975 रोजी 'शोले' लागला, तेव्हाचे सगळेच प्रेक्षक पहिल्यांदा पाहणारे होते, आणि सुरुवातीला त्यांचाही प्रतिसाद थंडच होता. चित्रपट पडला असे व्यवसायातल्या जाणकारांनी ठरवून टाकले होते. जयचा मृत्यू गाळून शेवट नव्याने चित्रित करावा का, असा विचारही निर्मात्यांकडे झाला होता. मग तोंडोतोंडी कौतुक पसरले आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. पहिल्या आठवड्यावरून निकाल द्यायची घाई तेव्हाही चुकली होती.

आता पडद्याविषयी. 'शोले' 35 मिमी रुंदीच्या फिल्मवर चित्रित करून 70 मिमीच्या रुंद पडद्यासाठी मोठा केला होता. जिथे तो चित्रित झाला त्या कर्नाटकातल्या रामनगरचे ते खडक, त्यांच्यासमोर ठिपक्याएवढी दिसणारी माणसे, दोन टोकांना उभे असलेले शत्रू, हे सारे त्या रुंद चौकटीसाठी रचलेले आहे. जुन्या टीव्हीवर दोन्ही कडा कापल्या जात. उभ्या मोबाइलवर तर निम्मी चौकटही उरत नाही. त्यावर पाहून एखादा मुलगा कंटाळला, तर तो 'शोले'ला कंटाळला असे कसे म्हणता येईल? राधा एकेक दिवा मंद करते आणि समोर जय माउथऑर्गन वाजवत बसलेला असतो, तो संधिप्रकाश द्वारका दिवेचा यांनी टिपलेला आहे. हातभर पडद्यावर तो नुसता अंधार दिसतो.

2025 मध्ये चित्रपटाला पन्नास वर्षे झाली. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली, मूळ शेवट असलेली प्रत जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली आणि डिसेंबरात आपल्याकडे चित्रपटगृहांत आली. मी वर्गाला दाखवला तो जुना, पोलीस ऐनवेळी येऊन गब्बरला वाचवतात तो शेवट. एका मुलाने लगेच विचारले, ''पोलीस नेमके आत्ताच कुठून उगवले?'' पन्नास वर्षांपूर्वी सेन्सॉरने जोडायला लावलेले ठिगळ पहिल्यांदा पाहणाऱ्या पोराला क्षणात दिसले. मग जून 1975 ची आणीबाणी, कायदा हातात घेणारा माजी पोलीस अधिकारी पडद्यावर का चालणार नव्हता, मूळ शेवटी ठाकूर गब्बरला स्वतःच कसा संपवतो, हे सगळे निघाले. आणीबाणीचा धडा त्या वर्षी मला वेगळा शिकवावा लागला नाही.

म्हणून माझी विनंती अशी. जुने चित्रपट पुन्हा लावताना चित्रपटगृहांनी ते सकाळी नऊच्या एखाद्या खेळापुरते ठेवू नयेत. त्या वेळी मुले वर्गात असतात आणि सभागृहात आमच्याच वयाची माणसे भरतात. शनिवार-रविवारचा संध्याकाळचा खेळ द्यावा, विद्यार्थ्यांना परवडेल असा दर ठेवावा. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांनी जिल्ह्याच्या ठिकाणी, महाविद्यालयांच्या सभागृहांपर्यंत चांगल्या प्रती पोचवाव्यात. कोकणात आम्ही प्रोजेक्टर आणि चादरीच्या पडद्यावर भागवतो. तिथे एक नीट प्रत आली तरी मोठे काम होईल.

आणि आई-बाबांना, आजी-आजोबांना कळकळीने सांगणे आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा संवाद आधी म्हणून दाखवू नका, पुढे काय होणार ते सांगू नका, आमच्या वेळी कसे होते तेही मध्यंतरापर्यंत राहू द्या. आमच्या एका खेळाला काही पालक आले होते. त्यांनी हौसेने प्रत्येक वाक्य पडद्याच्या आधी म्हटले, आणि त्या दिवशी मुलांनी चित्रपट कमी आणि पालकच जास्त पाहिले. पुढच्या वेळी मी पालकांना शेवटच्या रांगेत बसवणार आहे.

आपली,
एक शिक्षिका, चिपळूण