चावी कुणी दिली?

महोदय,

परवा 'आवारा' (1951) पुन्हा पाहिला. न्यायाधीश रघुनाथ संशयापायी गरोदर बायकोला घराबाहेर काढतो, पोरगं झोपडपट्टीत वाढतं आणि जग्गा डाकूच्या हाताला लागतं. शेवटी तुरुंगात जातो तो पोरगा. बापाला फार तर पश्चात्ताप! जुन्या गुन्हेपटांत बहुतेक असंच. बाप गायब, आई रडवेली आणि सगळं खापर वाईट संगतीवर.

आज आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर रात्री मिसरूडही न फुटलेली पोरं तिघं-तिघं बसून बुंगाट गाड्या पळवतात. गाडीवर मागे नाव असतं 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. खरंच आहे म्हणा, चावी त्यांनीच दिलेली. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण पोरगं सापडलं की आधी फोन जातो तो ओळखीच्या नगरसेवकाला.

याच कोल्हापुरात 1917 साली शाहू महाराजांनी पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. पोलिसांनी निदान महिनाभर तरी पोरांबरोबर पालकांनाही चौकीत बसवावं.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर