वागळे इस्टेटमधल्या त्या काकांचे आभार

येऊरच्या घरात लाकडावरची नवी शेगडी बसवली आणि पहिल्याच संध्याकाळी घरभर धूर. आईला धाप लागली. विटांचं जुनं धुराडं रुंद, त्यात धूर गार होऊन वर चढेना; सांध्यांतला चुनाही झडलेला. वागळे इस्टेटमधले फॅब्रिकेशनवाले काका गाळ्याचं शटर ओढत होते, तरी आले. आधी आईला अंगणात बसवलं, मग विस्तव विझवला. "धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ताई. आज पेटवू नका."

रविवारी त्यांनी छतावरून ६ इंची स्टेनलेस स्टीलचा पाइप धुराड्यात सोडला, भोवती रॉकवूल (उष्णता धरून ठेवणारी दगडाची लोकर) भरलं. मग शेगडीच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धुराची रेघ सरळ आत ओढली गेली, तेव्हा त्यांनी पहिली हाक आईलाच मारली.

काका, तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार.