औषधाची जीवघेणी रिॲक्शन पहिल्याच दिवशी ओळखा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

हडपसरला माझं औषधांचं दुकान आहे. "तोंड आलंय, काहीतरी लावायला द्या" हे रोजचंच. परवा एक ताई नवऱ्यासाठी तेच मागायला आल्या. तो बाहेर रिक्षात बसला होता. ओठांवर रक्ताची काळी खपली, डोळे चिकटलेले, छातीवर जांभळट चट्टे, शर्ट अंगाला लागला तरी कळवळत होता. आधीच्या दवाखान्यात उष्णता झालीय म्हणून थंडाव्याचं औषध दिलेलं. फिटसाठी कार्बामाझेपिन सुरू होऊन तीन आठवडे झालेत, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना त्याच रिक्षाने ससूनला पाठवलं.

हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे औषधाची जीवघेणी रिॲक्शन. नवं औषध सुरू केल्यापासून साधारण ४ ते २८ दिवसांत तो उठतो. फिटची औषधं, युरिक ॲसिडवरचं ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या ही त्याची नेहमीची कारणं. आधी ताप, मग तोंड आणि डोळे, मग कातडी सुटायला लागते. ३० टक्क्यांहून जास्त कातडी सुटली, तर तीनातला जवळपास एक रुग्ण दगावतो. वाचलेल्यांपैकी काहींची नजर कायमची अधू होते, म्हणून डोळ्यांचे डॉक्टर पहिल्याच दिवशी हवेत. सगळ्यात मोठा उपचार म्हणजे ते औषध ताबडतोब थांबवणं. पण फिटची गोळी घरीच बंद केली तर फिट येऊ शकते, आणि बदली म्हणून फेनिटॉइन दिलं तर तीच रिॲक्शन पुन्हा उठू शकते. म्हणून रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचवायला हवं.

तोंड आलंय म्हणून दुर्लक्ष होणारा दुसरा आजार म्हणजे पेम्फिगस, ज्यात तोंडात आणि अंगावर फोड येतात. त्यातही बऱ्याचदा आधी महिनोन्महिने फक्त तोंडात जखमा असतात. अंगावर फोड येईपर्यंत माणूस मलमं बदलत राहतो. स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब या औषधांनी हा आजार आटोक्यात येतो, तरी निदानाला इतका उशीर होतो, हे फार वाईट वाटतं.

साहेब, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि 'आपला दवाखाना'त एक प्रश्न सक्तीचा करा: गेल्या महिन्यात कोणतं नवं औषध सुरू केलं? रिॲक्शन झालेल्या प्रत्येकाला औषधाचं नाव लिहिलेलं मराठी कार्ड द्या. आम्ही दुकानदार ते पाहूनच गोळी देऊ. रिॲक्शन कळवायचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आमच्या पावत्यांवर छापायला लावा. भाजलेल्या रुग्णासारखी काळजी घेणारी खाट जिल्ह्यात कुठे आहे, याची यादी १०८ च्या गाड्यांकडे असू द्या.

कळावे,
हडपसरमधील एक औषधविक्रेता