ससा संचासोबतची माहितीपुस्तिका आणि ‘चावणे थांबवा’ फवारा यांबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : पुस्तिकेतील ‘चावरा ससा’ व ‘नसबंदी’ ही प्रकरणे तातडीने मागे घेणे आणि फवाऱ्याची विक्री थांबवणे याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या ससा संचात पिंजरा, खाद्य, पाण्याची बाटली, फवारा आणि २४ पानी पुस्तिका मिळते. बाटली चांगली आहे, गळत नाही. आमची तक्रार आहे ती पुस्तिकेतल्या पान ९ ते १४ बद्दल आणि त्या पानांच्या भरवशावर विकल्या जाणाऱ्या फवाऱ्याबद्दल. नवखा माणूस ससा घरी आणतो तेव्हा हाताशी बहुतेक वेळा एवढेच छापील साहित्य असते. तो ते शब्दशः पाळणार. म्हणून प्रत्येक चूक कुठे आहे, का आहे आणि तिच्या जागी काय हवे, ते खाली सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात ‘नसबंदी’ प्रकरणातल्या पान १३ पासून करतो, कारण तिथल्या एका वाक्याने ससा दगावू शकतो. ‘शस्त्रक्रियेआधी १२ तास सशाला अन्नपाणी देऊ नये,’ असे तिथे छापले आहे. हा नियम कुत्र्यामांजरांचा आहे. भुलेत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्यांना उपाशी ठेवतात. सशाला उलटी होतच नाही; अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथली झडप इतकी घट्ट असते की पोटात गेलेले परत वर येत नाही. त्याचे आतडे मात्र सतत चालू राहावे लागते. तंतुमय अन्न आत जाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, पोट दुखते, दुखते म्हणून ससा आणखी खात नाही, आणि हे चक्र काही तासांत हाताबाहेर जाते. त्यात भूल आणि वेदना यांचा ताण वेगळाच. तेव्हा वाळलेले गवत आणि पाणी शस्त्रक्रियेच्या साधारण तासभर आधीपर्यंत समोर असले पाहिजे. शेवटच्या तासात गवत काढायचे तेही फक्त तोंडात घास राहू नये म्हणून. नेहमीचे गवत आणि आवडीचा पाला दवाखान्यात सोबत न्यायचा, म्हणजे शुद्धीवर आल्यावर ओळखीचा वास नाकाशी येतो आणि तोंड लवकर हलू लागते.

त्याच पानावर पुढे ‘दुसऱ्या सकाळपर्यंत खायला घालू नये व गळ्यात शंकू बांधावा’ असे आहे. हेही उलटे. ससा शस्त्रक्रियेच्या दिवशीच, पुरता सावध झाल्यावर काही तासांत खाऊ लागला पाहिजे. नाही लागला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सशांसाठीचे भुकटी खाद्य पाण्यात कालवून सुईविना सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडे थोडे भरवावे लागते. समोरून पिचकारी मारल्यास ते श्वासनलिकेत जाते. आणि शंकू, म्हणजे जखमेला तोंड लागू नये म्हणून गळ्याभोवती घालतात ते कडक कडे, बांधला की सशाला गुदद्वाराशी तोंड नेता येत नाही. तो रोज मऊ, घोसासारख्या लेंड्या थेट तिथूनच खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. टाके खरोखरच कुरतडत असेल तरच शंकूचा विचार करायचा. त्वचेखालचे, बाहेर टोक न राहणारे टाके घातले तर बहुतेक वेळा ती वेळच येत नाही.

त्या रात्री मालकाने काय पाहायचे, हे पुस्तिकेत एका ओळीनेही नाही. खरे तर सगळ्यात जास्त जागा यालाच हवी होती. खाली पांढरा टॉवेल किंवा कागद अंथरायचा, लाकडाचा भुसा नाही. तो जखमेला चिकटतो. पांढऱ्यावर लेंड्या मोजता येतात आणि रक्ताचा थेंबही लपत नाही. पहिल्या लेंड्या लहान, कोरड्या, वेड्यावाकड्या येतात. खाणे सुरू झाले की हळूहळू पुन्हा वाटाण्याएवढ्या, गोल, आत गवताचे तंतू दिसणाऱ्या होतात. ससा कोपऱ्यात पाठ कुबडी करून, डोळे अर्धे मिटून बसला असेल, पोट जमिनीला दाबत असेल, दात कराकरा खात असेल, तर त्याला दुखते आहे. कुरवाळताना येणारी दातांची हलकी थरथर निराळी असते, ती समाधानाची. १२ तासांत काही खाल्ले नाही किंवा एकही लेंडी पडली नाही, तर सकाळ होण्याची वाट पाहायची नसते, लगेच डॉक्टर गाठायचा असतो. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस द्यायचे, ‘बरा दिसतो’ म्हणून मध्येच थांबवायचे नाही. ससा वेदना लपवणारा प्राणी आहे.

‘गरज वाटल्यास घरातले साधे अँटिबायोटिक द्यावे’ ही ओळ कोणी लिहिली आणि कोणी तपासली? अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधे सशाला तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा मरू शकतो. घराघरात उरलेले अँटिबायोटिक म्हणजे बऱ्याचदा नेमके हेच असते.

आता प्रकरणाच्या नावाबद्दल. ‘नसबंदी’ हा शब्द इथे चूक आहे, आणि हा केवळ भाषेचा काथ्याकूट नव्हे. नसबंदीत वीर्य वाहून नेणाऱ्या नळ्या बंद होतात, वृषणे जागेवर राहतात आणि संप्रेरकेही तशीच तयार होत राहतात. असा नर पिल्ले देणार नाही, पण चावणे, मूत्राच्या पिचकाऱ्या, पायांभोवती रिंगण हे सगळे चालूच राहील. वागणुकीत फरक हवा असेल तर नराची वृषणे काढावी लागतात, आणि मादीची अंडाशये, शक्यतो गर्भाशयासह. दवाखान्यात मालकाने नेमके हेच शब्द वापरले पाहिजेत.

शस्त्रक्रियेचे वय आठ आठवडे लिहिले आहे. नराची वृषणे वृषणकोशात उतरायलाच साधारण १० ते १२ आठवडे लागतात. ती उतरल्यावर, साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास, डॉक्टर पाहून ठरवतात. मादीसाठी पाच-सहा महिन्यांपर्यंत थांबणे सोयीचे, कारण त्याआधी गर्भाशय फार बारीक असते. ‘मादीला एक वेत होऊ द्यावे, मग ती शांत होते’ याला कसलाही आधार नाही. सशाचा गर्भकाळ सुमारे एक महिन्याचा, आणि विल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. एका वेताच्या नादात घरात दोन वेते होतात. शिवाय शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांत वय तीन-चार वर्षांच्या पुढे गेले की गर्भाशयाचा कर्करोग इतका आढळतो की ती लांबणीवर टाका असे कुणालाही सांगू नये. लघवी लालसर दिसली की ते रक्तच असते असे नाही, आहारातल्या रंगद्रव्यांनीही ती तशी होते. पण प्रौढ मादीत तपासणी केल्याशिवाय तसे गृहीत धरायचे नसते.

‘दुसऱ्या दिवसापासून ससा शांत होतो’ या वाक्याने किती सशांचे घर सुटत असेल! संप्रेरके रक्तातून ओसरायला चार ते आठ आठवडे लागतात. पंधराव्या दिवशी ससा पुन्हा चावला की मालकाला वाटते, शस्त्रक्रिया फुकट गेली. त्यातच शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांपर्यंत नर मादीला गाभण करू शकतो, त्यामुळे तेवढे दिवस जोडी वेगळी ठेवायची असते. आपल्या पुस्तिकेत ‘संध्याकाळी जोडी पुन्हा एकत्र सोडावी’ असे आहे.

शस्त्रक्रिया कोणाकडून करून घ्यावी याबद्दल ‘जवळच्या पशुवैद्याकडे जावे’ एवढेच म्हटले आहे. मालकाला चार प्रश्न द्यायला हवे होते. आपण सशांवर नियमित शस्त्रक्रिया करता का? वेदनाशामक काय देता, किती दिवस? भुलेच्या वेळी अंग गरम कसे ठेवता? आणि नराच्या बाबतीत, जांघेतली वाट बंद करता का? सशात ही वाट आयुष्यभर उघडी राहते, वृषणे त्यातून पोटात ये-जा करतात. ती बंद केली नाही तर तिथून आतडे खाली उतरू शकते. ‘ससा उपाशी आणा’ असे दवाखान्यातून सांगितले गेले तर एकदा विचारून खात्री करावी, आणि तरीही उत्तर तेच आले तर दुसरा दवाखाना शोधावा.

आता ‘चावरा ससा’. पूर्ण प्रकरणात ससा का चावतो हा प्रश्नच नाही, नुसत्या शिक्षा आहेत: नाकावर टिचकी मारा, उताणा करून धरून ठेवा, फवारा मारा.

पान १० वरचे आपले छायाचित्रच पाहा. पिंजऱ्याच्या पुढच्या दारातून उघडा हात सरळ सशाच्या नाकासमोर गेलेला आहे. कान मागे चपटे झालेत, शेपूट ताठ आहे, पुढचे पंजे उचललेले आहेत. खाली मथळा: ‘मैत्री करताना’. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला मागचेसुद्धा दिसते, पण अगदी नाकापुढचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही. तिथे एकाएकी बोटे आली की तो आधी चावतो. त्यातून पिंजरा हे त्याचे स्वतःचे ठिकाण. त्यात हात घालून भांडे उचलणे म्हणजे त्याच्या दृष्टीने घुसखोरी, आणि संप्रेरकांनी पेटलेल्या नराला किंवा मादीला ती सहन होत नाही. दार उघडून त्याला आपणहून बाहेर येऊ द्यायचे, तो बाहेर असताना सफाई करायची, आणि हात द्यायचा तो कडेने आणून वरून, कपाळावर. एवढ्यानेच बरेच चावे थांबतात.

पायांभोवती गोल फिरत घशातून हूं-हूं आवाज काढत घोट्याला चावतो तो वयात आलेला ससा. शस्त्रक्रियेचा उपयोग इथे सर्वांत जास्त. भीतीने चावणाऱ्याला शस्त्रक्रियेने फारसा फरक पडत नाही. त्याला रोज जमिनीवर बसून, न पकडता, वेळ द्यावा लागतो. आणि कधीच न चावणारा ससा एकाएकी चावू लागला, विशेषतः ठरावीक जागी हात लावल्यावर, तर दाढा, तळपाय, कान, सांधे तपासायचे. दुखणाऱ्या सशाला टिचकी मारणे क्रूरपणा आहे. टिचकीने एकच धडा मिळतो: हात म्हणजे मार. पुढच्या वेळी तो हात लांब असतानाच झेपावतो. उताणा केलेला ससा निपचित पडतो तोही शांत झालेला नसतो. शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडल्यावरची ती थिजलेली अवस्था आहे. सुटण्यासाठी त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो, इतकी त्याची हाडे हलकी आणि पाय ताकदवान.

चावल्यावर हात हिसकायचा नाही, दात आणखी फाडतात. बारीक, उंच आवाजात एकदा ‘ई!’ करायचे, हात स्थिर ठेवायचा, सुटला की शांतपणे बाजूला व्हायचे. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली नीट धुवायची. खोल असेल, सुजली असेल किंवा धनुर्वाताची लस होऊन बराच काळ गेला असेल तर डॉक्टरकडे जायचे.

‘पुढच्या दातांची टोके नेलकटरने कापावीत’ हा पान ११ वरचा सल्ला ताबडतोब काढा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर. कापताना ते उभे चिरतात, भेग मुळापर्यंत जाते आणि जबड्यात गळू होते. त्यांना झिजवते ते गवत, आणि आपल्या पुस्तिकेत गवताला ‘पूरक आहार’ म्हटले आहे. खरे तर रोजच्या खाण्यात ८० टक्क्यांहून अधिक गवतच हवे.

फवाऱ्याच्या लेबलवर ‘वनस्पतिजन्य अर्क व सुगंध’ एवढेच आहे. कोणते अर्क, किती प्रमाणात, काही नाही. वापर: ‘चावल्यास नाकावर दोनदा’. ज्या प्राण्याचे जग वासावर चालते त्याच्या नाकावर उग्र द्रव मारायचा, मग तो पंजांनी तोंड पुसणार, पंजे चाटणार, आणि पोटात गेलेले त्याला ओकूनही टाकता येणार नाही. हे उत्पादन सुधारण्याजोगे नाही. ते बंदच करा.

पिंजऱ्याचा तळ उघड्या तारेचा आहे. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, फक्त केस असतात. तारेवर ते झिजतात, कातडी लाल होते, जखमा होतात, आणि मग उचलताना तो चावतो. म्हणजे चावण्याचे एक कारण आपल्या संचातच आहे. सपाट तळ आणि वर जाड चटई द्या, आणि जुन्या ग्राहकांना ती विनामूल्य पाठवा.

आमच्या मागण्या अशा: पान ९ ते १४ असलेल्या शिल्लक पुस्तिका दुकानांतून परत बोलवाव्यात. उपाशी ठेवणे, अँटिबायोटिक आणि दात कापणे या तीन चुकांची दुरुस्ती, संच घेतलेल्या ज्या ग्राहकांचे संपर्क आपल्याकडे आहेत त्या सर्वांना १५ दिवसांच्या आत कळवावी. नवी पुस्तिका होईपर्यंत हे थांबू नये. नवा मजकूर सशांवर नियमित उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडून तपासून घ्यावा. फवाऱ्याचे सर्व घटक लेखी कळवावेत, म्हणजे ज्यांनी तो वापरला त्यांच्या डॉक्टरांना सांगता येईल. फवारा व पिंजरा यांची रक्कम परत मिळावी. बाकीच्या मुद्द्यांवर थोडा वेळ लागला तर समजू शकतो, पण पान १३ चे वाक्य वाचून आज रात्रीही कोणी सशासमोरचे गवत उचलत असेल.

लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

कळावे,
तक्रारदार ग्राहक

सोबत : पुस्तिकेच्या पान ९ ते १४ च्या प्रती, फवाऱ्याच्या लेबलचे व पिंजऱ्याच्या तळाचे छायाचित्र, खरेदीच्या पावत्या