आरसीवर ‘टोटल लॉस’ची नोंद हवी

मा. संपादक,
स. न.

पावसाळा ओसरला की जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन-तीन वर्षे वापरलेल्या, चकाचक पॉलिश केलेल्या आणि बाजारभावापेक्षा बऱ्याच स्वस्त गाड्या दिसू लागतात. त्यांतल्या काही विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्ती परवडत नाही अशा) म्हणून निकाली काढलेल्या असतात. घेणाऱ्याला ते सरकारी नोंदीवरून कळायला मात्र मार्ग नाही. गाड्यांच्या नोंदणीच्या ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर कर्जाचा बोजा, विम्याची मुदत, कितवा मालक हे सगळे दिसते. आरसीसकट (नोंदणी प्रमाणपत्रासह) विकलेली टोटल लॉस गाडी तिथे ‘ॲक्टिव्ह’च असते.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीची आयडीव्ही ५० टक्के घसारा कापून ठरते. त्यामुळे दोन एअरबॅग, डॅशबोर्ड, हेडलाइट आणि पुढचा पत्रा एवढ्यातही अधिकृत वर्कशॉपचे एस्टिमेट ही रेषा ओलांडू शकते. म्हणजे टोटल लॉस झालेली प्रत्येक गाडी भंगार नसते. चांगली दुरुस्त केलेली, सांगून-सवरून आणि त्या भावात विकलेली गाडी घ्यायला हरकत नाही. लपवून गळ्यात मारली जाते, तिथे आक्षेप आहे.

पाणी मुरते ते साल्व्हेजच्या, म्हणजे टोटल लॉस गाडीच्या अवशेषांच्या, बोलीत. समजा, आयडीव्ही ६ लाख आहे. आरसीसकट बोली २ लाख २० हजारांची आली, तर कंपनी ती रक्कम आणि १ हजाराची सक्तीची वजावट (१५०० सीसीपर्यंत) कापून मालकाला ३ लाख ७९ हजार देते. ते २ लाख २० हजार बोली लावणारा देतो. आरसी रद्द करून विकायचे ठरले आणि बोली १ लाखावर आली, तर कंपनीला ४ लाख ९९ हजार मोजावे लागतात. पत्रा तोच, इंजिन तेच. मधले १ लाख २० हजार निव्वळ कागदाचे. हा कागद काहींना गाडी ठाकठीक करून विकायला लागतो, तर काहींना त्याच मॉडेलच्या आणि रंगाच्या चोरीच्या गाडीवर तो चॅसी नंबर ठोकायला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार नष्ट किंवा कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. पण ‘दुरुस्त होऊ शकते’ म्हटले की ती कायमची निकामी ठरत नाही, आणि पळवाट मोकळी.

यात मूळ मालकही अडकतो. बोली लावणारा मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतो, नाव मात्र बदलत नाही. गाडी तीन हात फिरते. सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ (२०१८) या निकालात स्पष्ट केले आहे की, नोंदीवर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. म्हणून आरसीसकट गाडी सोडताना ट्रान्स्फर पूर्ण झाल्याशिवाय मूळ कागद हातचे सोडू नयेत.

घेणाऱ्याने सुरुवात मागच्या दोन-तीन पॉलिसींपासून करावी. विनादावा सवलत २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढत जाते. मध्येच शून्यावर आली असेल तर क्लेम झालेला असू शकतो. दोन पॉलिसींमध्ये काही महिन्यांची फट असेल तर गाडी कुठे उभी होती, हे विचारावे. चॅसी नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिस हिस्टरी काढावी.

पुरातली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. गाडी धुतात, सीट धुतात, पण गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा आणि एअर फिल्टरचा डबा बघावा. एअरबॅगचे कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, जमिनीलगत असते. पाणी आत शिरले की आधी ते भिजते. कनेक्टरमधल्या तांब्याच्या पिना हिरव्या पडतात आणि बिघाड काही महिन्यांनी डोके वर काढतात, तोवर विकणारा फोन उचलत नाही. ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर किंवा जुलै २०२१ चा चिपळूणचा, अशा वेळी बुडालेल्या गाड्या दूरच्या शहरात विकणे सोपे जाते. पाण्यात बुडालेली इलेक्ट्रिक गाडी तर फुकटही घेऊ नये.

ठोकलेल्या गाडीत बॉनेटखालचा ॲप्रन (चाकाजवळचा आतला पत्रा) आणि डिकीचा तळ तपासावा. कारखान्याचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात. घासून सपाट केलेला वेल्ड आणि वर सीलंट फासलेले दिसले तर तिथे पत्रा जोडलेला आहे. दाराखालच्या पट्टीवर पकडीच्या दातांच्या खुणा असतील तर बॉडी मशिनवर ओढली आहे. मूळ रंगाचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन. लांबी (पुट्टी) भरली असेल तर रंगाची जाडी मोजणारा मीटर कित्येक पट दाखवतो. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. एवढ्यावरही विसंबू नये. उडालेल्या एअरबॅगच्या जागी नुसते कव्हर आणि कनेक्टरमध्ये रेझिस्टर घातला की दिवा बिनबोभाट विझतो. नव्या एअरबॅगचे बिल मागावे.

अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच ‘साल्व्हेज’ आणि दुरुस्तीनंतर ‘रिबिल्ट’ असा शिक्का बसतो. विमा कंपन्या आणि भंगार यार्डांना २००९ पासून राष्ट्रीय नोंदकोशात दरमहा माहिती द्यावी लागते. तिथेही राज्य बदलून शिक्का धुऊन काढणारे आहेतच, पण निदान नोंद शोधायला जागा आहे. आपल्याकडे ‘वाहन’ची यंत्रणा तयार आहे. क्लेम निकाली काढताना विमा कंपनीने तारीख आणि कारण, म्हणजे अपघात, पूर, आग की चोरी, तिथे नोंदवणे परिवहन खात्याने सक्तीचे करावे, आणि आरटीओच्या तपासणीशिवाय अशा गाडीचे नाव बदलू नये.

— काही मोटार सर्व्हेअर, सांगली