साहेब, तक्रार द्यायला येणाऱ्याने गाडी लावायची कुठे?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : सांगलीतील एका नव्या पोलीस ठाण्याभोवतीची पार्किंगची दैना

महोदय, स. न. वि. वि.

मी सांगलीत राहतो. भाग सांगत नाही, कारण ठाण्याचं नाव घेतलं तर उद्या मलाच बोलावणं यायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आपल्या खात्याने नवं ठाणं बांधलं त्याबद्दल आधी आभार मानतो. इमारत देखणी आहे. रॅम्प आहे, महिलांसाठी वेगळी खोली आहे, दर्शनी भिंतीवर सोनेरी अक्षरांत 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' आहे. उद्घाटनाला आम्हा शेजाऱ्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं, पेढा दिला, आणि एका मोठ्या साहेबांनी माइकवरून शब्द दिला की येणाऱ्या नागरिकांच्या गाड्यांची सोय आवारातच होईल, शेजारच्यांना तोशीस लागणार नाही. टाळ्या जोरात पडल्या.

आता गेल्या शुक्रवारचं ऐका. माझी आई ऐंशीच्या पुढची, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सकाळी सातला रिक्षा सांगितलेली. आणि आमच्या फाटकाला नाक लावून एक पांढरी गाडी उभी, ती आदल्या रात्रीपासून. काचेआड 'पोलीस' अशी पाटी. ती आडवी असल्यामुळे माझी स्कूटरही रात्रभर बाहेर भिंतीलगत राहिलेली. गल्लीत दोन्ही बाजूंना ठाण्यात आलेल्यांच्या गाड्या, त्यामुळे रिक्षा आत शिरेना. शेवटी आईला दोन्हीकडून धरून कोपऱ्यापर्यंत चालवत नेलं. सुजलेल्या पायांत चप्पल शिरत नव्हती, अनवाणीच नेली. मध्ये एका अनोळखी मोटरसायकलच्या सीटला धरून ती थांबली आणि म्हणाली, "एवढी माणसं कशाला आल्यात रे, कुणी गेलंय का?" काय सांगणार?

बायको तिच्याबरोबर गेली आणि मी तडक ठाण्यात. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं, नाही म्हणत नाही. "काका, गाडी कुणाची ते बघायला लागंल. साहेब राउंडला गेल्यात. बसा की जरा." बसलो. बाकावर बसल्या बसल्या मोबाइल वाजला. ई-चलन! नो पार्किंग, 500 रुपये, नंबर माझ्याच स्कूटरचा. फोटो उघडला तर माझी स्कूटर, मागे माझं फाटक, फाटकावर वडिलांच्या नावाची पाटी आणि डाव्या कडेला त्या पांढऱ्या गाडीचं अर्धं बॉनेट. कॅमेरा इतका बेतून धरलेला की तिची नंबरप्लेट तेवढी फोटोबाहेर राहिली. नाट्यपंढरीत कलेला तोटा नाही, साहेब.

2021 च्या डिसेंबरात आपल्या राज्याने दंड वाढवले. पहिल्यांदा 500, पुन्हा सापडलो तर 1500. म्हणजे पुढच्या वेळी स्वतःच्या दारात गाडी लावायचे दीड हजार. एवढ्यात आईचं इंजेक्शन येतं.

आवारात जागा नाही असं कुणी म्हणू नये. माझ्या गच्चीवरून सगळं आवार दिसतं. पुढच्या निम्म्या भागाला साखळी आणि 'फक्त अधिकारी वाहने' असा बोर्ड. उरलेल्या वाटेवर बॅरिकेड आडवे, त्यावर सराफाची जाहिरात. मागच्या बाजूला मुद्देमाल. चाळीस-पन्नास मोटरसायकली एकीला एक टेकून गंजतायत, टाक्यांवर पांढऱ्या रंगाने गुन्ह्याचे नंबर घातलेत. एक रिक्षा आहे, तिच्या मागच्या सीटमधून पिंपळाचं रोप वर आलंय. नव्या ठाण्यात हे सामान जुन्यातून वाजतगाजत आणलं असणार, कारण ठाण्यापेक्षा त्या रिक्षाचं वय जास्त दिसतं.

आता कायद्याचं बोलू. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच बजावलं होतं की जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं सडवत ठेवू नका. पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि मालकाला द्या. नवी नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 497 मध्ये तर दिवस मोजून दिलेत : वस्तू कोर्टापुढे आल्यावर चौदा दिवसांत तिचं वर्णनपत्र, त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. त्या पिंपळाला हे कलम कुणी वाचून दाखवलेलं दिसत नाही. एवढं भंगार हललं तरी निम्मा प्रश्न मिटतो, एक रुपया खर्च न होता.

आणि आम्हाला कायदा किती कडक! मी वरच्या मजल्याचा नकाशा दिला तेव्हा 2020 च्या विकास नियंत्रण नियमावलीचं पुस्तक माझ्या तोंडावर धरलं गेलं. एका चारचाकीला 2.5 बाय 5 मीटर, दुचाकीला 1 बाय 2 मीटर, चौकोन आखून दाखवा नाहीतर परवानगी विसरा. दाखवले. माझ्या घरात दोन चौकोन आहेत, साहेब. जिथे दिवसाला दोनशे माणूस येतं त्या ठाण्यात येणाऱ्याच्या नावाचा एकही नाही. पासपोर्टची चौकशी, चारित्र्याचा दाखला, मोबाइल हरवल्याची नोंद, भाडेकरूची माहिती, गणपतीत मंडळांचे परवाने. लोक हौसेने येत नाहीत, तुम्हीच बोलावता. या कामाला कोटी किती लागले म्हणाल तर कुणी चार सांगतं, कुणी सहा. कोनशिलेवर नावं अठरा आहेत, आकडा नाही.

हे एकाच ठाण्याचं असतं तर मी तुमच्यापर्यंत आलोच नसतो. कुठल्याही सरकारी कचेरीत जा, खरेदीखताच्या असो की सातबाराच्या, साहेबांच्या गाडीला शेड आणि लोकांच्या गाड्या रस्त्यावर. शंभर फुटी रोडचे शंभर फूट कुठे गेले ते टेप घेऊन कुणीतरी मोजावं. दुकानदाराने तळमजल्याच्या पार्किंगचं गोडाऊन केलं की नोटीस नाही, रस्त्यावर लावलेल्या गिऱ्हाइकाला मात्र चलन. गाडी घेताना रोड टॅक्स एकरकमी, पेट्रोलवर कर, घरपट्टी वेगळी. गाडी घेऊ नका म्हणाल तर वेळेवर बस द्या. 2019 च्या पुरात आमच्याच गाड्यांनी, ट्रॅक्टरांनी माणसं बाहेर काढली, तेव्हा नो पार्किंगचा बोर्ड पाण्याखाली होता म्हणून बरं. मतं मागायला येणाऱ्यांच्या दहा-दहा गाड्या याच गल्लीत तासभर उभ्या असतात. त्यांना कधी चलन गेलेलं मी ऐकलं नाही, तुम्ही ऐकलंत?

दाद मागायलाही फिरलो. ठाण्यात म्हणाले, रस्ता आमचा नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, आवार आमचं नाही. तिसरीकडे म्हणाले, ऑनलाइन टाका. टाकलं. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असं उत्तर आलं, आणि ते वाचत होतो तेव्हा खाली फाटकासमोर कुणाचा तरी टेम्पो लागत होता.

मागणं मोठं नाही. साखळीच्या आतली निम्मी जागा येणाऱ्यांना मोकळी करा. मुद्देमालाच्या गाड्या कोर्टाचे आदेश घेऊन हलवा. आमच्या गल्लीत फाटकांसमोर पिवळे पट्टे मारा आणि ते 'पोलीस' पाटीलाही लागू आहेत असं लेखी कळवा. माझं चलन रद्द करा, किंवा त्याच फोटोतल्या दुसऱ्या गाडीलाही एक पाठवा. तोवर मी 500 रुपये भरणार नाही. लोकअदालतीची नोटीस येईल, येऊ दे. तो फोटो मी मोठा करून घेतलाय, तोच तिथे दाखवीन.

कळावे.

आपला,
सांगलीतील एक करदाता

ता. क. : या पत्राची एक प्रत ठाण्यात द्यायची आहे. चालत जाणार आहे.