वूहान पाहायचं तर नदीवरून

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तिकीट निघाल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. मार्चअखेर येतेयस हे फार बरं. जुलैत इथला उकाडा सोसवत नाही, आणि मार्चात वूहान विद्यापीठात चेरीला बहर असतो.

वूहानचं नाव काढताच तुझ्या मैत्रिणींचे चेहरे उतरले, असं लिहिलंस. 2020 मध्ये 23 जानेवारीपासून 8 एप्रिलपर्यंत हे शहर बंद होतं. खूप सोसलंय इथल्या माणसांनी. त्यांना त्याबद्दल आपणहून विचारू नका. पण तेवढी एकच ओळख घेऊन कुणी इथे यावं, हे मला पटत नाही.

पहिल्या दिवशी तुम्हाला फेरीबोटीत बसवणार आहे. वूचांग, हानकौ आणि हानयांग ही मुळात तीन वेगळी गावं. यांगत्से आणि हान या नद्यांच्या संगमावर वसली, त्यांचं मिळून वूहान झालं. 2012 पासून मेट्रो नदीखालून जाते, पण त्यात बसून नदी कशी कळणार? बोटीत कामावर निघालेली माणसं स्कूटरसकट चढतात. कठड्याला उभं राहिलं की 1957चा पूल दिसतो, वर मोटारी आणि खाली रेल्वे. तो होण्याआधी आगगाडीचे डबेसुद्धा बोटीवर चढवून पलीकडे न्यावे लागत. या पुलासाठी पीतक्रौंच मनोऱ्याची, वूहानच्या प्रसिद्ध जुन्या वास्तूची, मूळ जागा गेली. आताचा मनोरा 1985चा, आत लिफ्टही आहे. तरी वर चढा, तिथून नदीचा केवढा विस्तार दिसतो!

ही नदी रागावतेही. 1931च्या पुरात हानकौ कित्येक आठवडे पाण्याखाली होतं.

हानकौच्या धक्क्यावर उतरलात की समोर कस्टम हाउसचा घड्याळाचा मनोरा, 1924चा. तिथे मला थोडं थांबायचं आहे. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर याच हानकौत आले होते. जपानी फौजा चालून येत होत्या. ऑक्टोबरात शहर पडलं. त्याआधी पथक नदीमार्गे वर यीचांगकडे निघालं, पुढे चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला पोचलं. कोटणीस परत आलेच नाहीत, 1942 मध्ये तिकडेच गेले. तेव्हा ते अवघे 32 वर्षांचे होते. हे मैत्रिणींना तू सांग, सोलापूरच्या मुलीने सांगितलेलं बरं.

सकाळचा नाश्ता घरी करायचा नाही, इथे कुणी करतच नाही. रगानम्येन खायचं. आधीच अर्धवट उकडून, तेल लावून ठेवलेल्या शेवया दुकानदार झाऱ्यात घेऊन उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवतो, कागदी वाडग्यात टाकतो, वर तिळाची दाट चटणी आणि लोणच्याच्या फोडी. वाडगा हातात पडला की लगेच तळापासून कालवायचं. उशीर केला तर चटणी घट्ट होऊन गोळा बसतो. लोक चालता चालताच खातात. तुम्हीही तसंच खा.

हूपे प्रांताच्या संग्रहालयाला अर्धा दिवस ठेवलाय. तिथे 1978 मध्ये थडग्यात सापडलेल्या 65 काशाच्या घंटा आहेत, दोन हजार चारशे वर्षांपूर्वीच्या. प्रत्येक घंटेतून दोन सूर निघतात, मध्ये ठोकली तर एक, कडेला ठोकली तर दुसरा. तू गाणं शिकतेस, तुला तिथून हलवणं मला जड जाणार.

पासपोर्ट बाहेर पडताना रोज जवळ ठेवायचा. एक छत्री आणि पातळ स्वेटर घे, मार्चात पाऊस असतो. आजीला माझा नमस्कार सांग आणि तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी जमेल तेवढी आण.

तुझा,
बाबा